चार इंची कुंडी आणि कोल्हापूरचा पाऊस

जुलैच्या मध्यावर कोल्हापुरात घरोघरी एकच चौकशी चालू असते: राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फुटांवर गेलं? ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका, हे आकडे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतात. त्याच दिवसांत काही गच्च्यांवर आणखी एक काळजी जागी असते. पत्र्याच्या आडोशाला चार-चार इंची कुंड्या ओळीने मांडलेल्या असतात आणि त्यांचा धनी रोज सकाळी एकेका झाडाच्या बुडाशी बोट लावून बघतो. बूड कडक लागलं तर ठीक. मऊ लागलं तर झाड गेल्यात जमा.

ही झाडं म्हणजे हौसेने जमवलेले छोटे कॅक्टस. कोल्हापूर शहरात वर्षाला साधारण १,००० मिलिमीटर पाऊस पडतो. यांतल्या बऱ्याच जातींचं माहेर असलेल्या मेक्सिकोच्या चिहुआहुआ वाळवंटात वर्षभराचा मिळून पाऊस अडीचशे मिलिमीटरच्या आसपास. इथला एकटा जुलै तेवढं पाणी ओतून मोकळा होतो. मग कोल्हापुरात कॅक्टस जगावेत कसे?

जगतात, आणि चांगले जगतात. कारण पाण्याचं त्यांना वावडं नाही. मेक्सिकोतही पाऊस उन्हाळ्यातच पडतो आणि तिथले कॅक्टस त्याच पावसावर वाढतात. फरक नंतरच्या दिवसाचा असतो. तिकडे सर येऊन गेली की ऊन पडतं, खडकाळ जमीन बघता बघता सुकते. इकडे पुनर्वसू-पुष्यात आठ-आठ दिवस सूर्याचं दर्शन नाही. कुंडीतली माती ओली ती ओलीच राहते, मुळांना हवा मिळत नाही आणि बुरशीचं फावतं. म्हणजे मारक ठरतो तो ऊन नसलेला ओलावा. कोल्हापूरच्या संग्राहकाने कोणती जात घ्यावी, कोणती दुकानातच सोडून यावी, याचा निवाडा फुलाच्या रंगापेक्षा या एका गोष्टीवर करावा. त्यातही जिल्हा एकसारखा नाही. गगनबावड्यात पावसाचा आकडा ५,००० मिलिमीटरच्या पुढे जातो, तर पूर्वेकडचा शिरोळ तालुका तुलनेने कोरडा. तिथल्या जयसिंगपुरात उघड्यावर निभावणारं झाड पन्हाळ्यावर धुक्यात कुजून जाईल.

आधी कॅक्टस ओळखायचा कसा, ते पाहू. नुसते काटे असून भागत नाही. कॅक्टसचे काटे जिथून फुटतात तिथे लोकरीसारखी एक बारीक गादी असते. शास्त्रज्ञ तिला अ‍ॅरिओल म्हणतात. काटा, फूल, नवी फांदी, सगळं या गादीतूनच निघतं, आणि अशी गादी दुसऱ्या कुठल्याही वनस्पतिकुळात नसते. शेताच्या बांधावर दिसणारा त्रिधारी निवडुंग मोडला तर पांढरा चीक वाहतो आणि त्याच्यावर गादी शोधून सापडत नाही. तो युफोर्बिया, एरंडाच्या कुळातला. उलट ज्याला एकही काटा दिसत नाही असा एक कॅक्टस कोल्हापुरात कितीतरी अंगणांत आहे. ज्याच्या फुलाची वाट पाहत घरची मंडळी रात्री जागतात, शेजाऱ्यांना बोलावतात, तो ‘ब्रह्मकमळ’. हिमालयातलं खरं ब्रह्मकमळ वेगळं. आपल्याकडचं एपिफायलम ऑक्सिपेटॅलम हा मध्य अमेरिकेच्या दमट जंगलातला कॅक्टस आहे, आणि त्याला आपला पाऊस मुळीच खटकत नाही.

कॅक्टसच्या कुळात सुमारे दीड हजार जाती आहेत आणि त्या मूळच्या अमेरिका खंडांतल्या. अपवाद एकच: ऱ्हिप्सॅलिस बॅसिफेरा ही लोंबती जात आफ्रिकेत आणि श्रीलंकेतही रानटी सापडते. भारतात मूळचा कॅक्टस एकही नाही. तरीही दख्खनच्या माणसाला कॅक्टस नवा नाही, कारण फड्या निवडुंग पाहुणा म्हणून आला आणि मालकासारखा पसरला. त्याच्या मागे एक चमत्कारिक कथा आहे. किरमिजी रंग देणारा कोचिनील किडा हवा म्हणून १७९५ मध्ये ब्राझीलहून कलकत्त्याला किडे आणले गेले. ते निघाले भलत्याच जातीचे. रंग हलका, निवडुंग फस्त करण्यात मात्र तरबेज. पुढे हेच किडे दक्षिण भारतात नेऊन निवडुंगाच्या एका जातीवर सोडले, आणि किड्याकरवी तण मारण्याचा जगातला तो पहिला मोठा प्रयोग ठरला. दुसऱ्या एका चिवट जातीला त्यांनी तोंड लावलं नाही. तिच्यासाठी १९२६ मध्ये श्रीलंकेतून निराळा किडा आणावा लागला. संग्राहकाला या किड्यांचे भाऊबंद चांगलेच परिचयाचे असतात. काट्यांच्या बेचक्यात कापसासारखे पांढरे ठिपके दिसले की समजावं, मिलीबग आला. स्पिरिटमध्ये बुडवलेला कापूस काडीला गुंडाळून ते एकेक टिपावे लागतात. मुळांवरचा मिलीबग तर कुंडी उपसल्याशिवाय दिसतही नाही.

बहुतेकांचा पहिला कॅक्टस असतो तो लाल किंवा पिवळ्या टोपीचा. हिरव्या तीनधारी दांड्यावर बसवलेला चेंडू, नर्सरीतलं नाव मून कॅक्टस. हा रंग रंगवलेला नसतो, पण ते एकच झाड नव्हे. जपानमध्ये १९४१ साली एइजी वातानाबे या बागायतदाराला जिम्नोकॅलिसियम मिहानोविचीच्या सुमारे दहा हजार रोपांत दोन लाल रोपं दिसली. त्यांच्यात हरितद्रव्यच नव्हतं. अशा रोपाला स्वतःचं अन्न तयार करता येत नाही, म्हणून त्यांना दुसऱ्या कॅक्टसवर कलम केलं. आजही तेच चालतं, आणि खालचा दांडा बहुधा ड्रॅगन फ्रूटच्या जवळच्या वेलाचा असतो, ज्याचे मांडव आता सांगली-सोलापूरच्या कोरड्या तालुक्यांत शेतोशेती दिसतात. खालचा वेल झपाट्याने वाढणारा, वरचा चेंडू बिनकामाचा खाणारा. काही वर्षांत जोड ढिला पडतो, नाहीतर दांडा दमतो. टेबलावरची शोभा म्हणून जरूर घ्यावा, पण संग्रहाचा पाया म्हणून नको.

खरा पाया मॅमिलेरियाचा. या प्रजातीत दीडशेहून अधिक जाती आहेत, बहुतेक मेक्सिकोतल्या, आणि तळहातावर मावतील अशा. त्यांना धारा नसतात. अंगभर बारीक उंचवटे असतात आणि ते फिरत्या ओळींत बसलेले असतात. या ओळी मोजल्या तर एका दिशेने ८ आणि दुसऱ्या दिशेने १३, किंवा १३ आणि २१, असे आकडे निघतात. गणिताच्या मास्तरांनी फिबोनाचीची मालिका फळ्यावर लिहिण्याऐवजी एक कुंडी वर्गात न्यावी. फुलं छोटी असतात, पण डोक्याभोवती गोल कडं करून येतात, आणि नंतर त्याच जागी लाल लांबट फळं उभी राहतात.

मॅमिलेरिया व्हेटुलाची ग्रॅसिलिस ही उपजात नवख्याने पहिली घ्यावी. तिची पिल्लं नुसता धक्का लागला तरी गळून पडतात आणि पडतील तिथे मुळं धरतात. एका कुंडीच्या दहा व्हायला वेळ लागत नाही. मॅमिलेरिया इलाँगेटा बोटाएवढ्या सोनेरी दांड्यांचा झुबका करते. हानियानाच्या अंगावर लांब पांढरे केस असतात, म्हणून तिला ओल्ड लेडी म्हणतात. बोकासाना दिसते मऊ कापसाची, पण त्या कापसात आकड्यासारखे वाकडे काटे लपलेले असतात आणि ते बाहीला धरून अख्खी कुंडी उचलून आणतात. सगळ्यांत देखणी प्लुमोसा. तिचे काटे पिसांसारखे, वरून पाहिलं तर हिरवं अंग दिसतच नाही. चुनखडीच्या कड्यांवर वाढणाऱ्या या जातीच्या पिसांत पाणी अडकलं की ती पिवळी पडते. कोल्हापुरात तिला मृगापासून हस्तापर्यंत छपराखालीच ठेवावी लागते आणि एरवीही पाणी कडेने द्यावं लागतं.

गच्ची नाही, पूर्वेची गॅलरी आहे, त्यांच्यासाठी जिम्नोकॅलिसियम. अर्जेंटिना, पॅराग्वे, उरुग्वे हा त्यांचा मुलूख. तिथे ती झुडपांच्या आणि गवताच्या सावलीत वाढतात, त्यामुळे अर्ध्या उन्हावर समाधान मानतात. यांच्या कळीवर केस नाही, काटा नाही. गुळगुळीत कळी दिसली की जात ओळखली. बाल्डियानम सुपारीपेक्षा थोडं मोठं झालं तरी गडद तांबडी फुलं देतं. कोल्हापूरच्या ढगाळ जुलैला सगळ्यांत शांतपणे तोंड देणारी प्रजाती कोणती असं विचारलं, तर उत्तर हेच.

मग येतो अ‍ॅस्ट्रोफायटमचा नाद. हा लागला की माणूस हौशी न राहता संग्राहक होतो. मायरिओस्टिग्माला पाच धारा, काटा एकही नाही, आणि अंगावर पांढऱ्या ठिपक्यांची शिंपण. हे ठिपके म्हणजे बारीक केसांचे पुंजके. अ‍ॅस्टेरियास आणखी चपटा, बहुधा आठ धारांचा, जमिनीला टेकलेला. पाणी मिळालं की या धारा फुगतात, तहान लागली की पेटीच्या भात्यासारख्या मिटतात, आणि त्यामुळे साल न फाटता झाड आतला साठा कमी-जास्त करू शकतं. जपानी बागायतदारांनी अ‍ॅस्टेरियासमधून मोठ्या, दाट ठिपक्यांचा ‘सुपर काबुटो’ निवडून वाढवला. काबुटो म्हणजे सामुराईचं शिरस्त्राण. आता थायलंडमधले उत्पादकही या खेळात उतरले आहेत, आणि आपल्याकडे मिळणारे नक्षीदार नमुने पुष्कळदा तिकडच्या रोपांचेच वंशज असतात. २००१ मध्ये मेक्सिकोच्या न्युएव्हो लिऑन राज्यात तर याच गोतावळ्यातली एक अगदी वेगळी जात सापडली. चेंडूसारखं अंग सोडून हिने बोटांसारखे लांब उंचवटे घेतले. कॅपुट-मेड्युसी असं तिचं नाव. शंभर-दीडशे वर्षं जगभरचे लोक ज्या प्रजातीच्या मागे आहेत तिच्यातली एक जात इतकी वर्षं कुणाच्या नजरेला पडली नव्हती, याचं संग्राहकांना अजून अप्रूप वाटतं.

अ‍ॅस्टेरियासचं बी धरायचं तर एक झाड पुरत नाही. स्वतःच्या परागाने ते फळत नाही. दोन झाडं एकाच दिवशी फुलली की चित्रकलेच्या बारीक ब्रशने पराग इकडून तिकडे न्यायचे. फेब्रुवारी-मार्चच्या उबेत बी ओल्या, निर्जंतुक केलेल्या मातीवर पसरून कुंडी प्लास्टिकच्या पिशवीत बंद केली तर आठवड्याभरात मोहरीएवढे हिरवे ठिपके दिसू लागतात. पुढे फूल यायला चार-पाच वर्षं. एरिओकार्पसच्या बाबतीत ही वाट बरीच लांबते. दगडासारख्या दिसणाऱ्या त्या कॅक्टसला बियापासून फुलायला दशकही लागू शकतं.

मेलोकॅक्टस मात्र कोल्हापूरकरांनी आवर्जून ठेवावा. कॅरिबियन बेटं आणि ब्राझीलचा हा रहिवासी. युरोपातल्या संग्राहकांना तो थंडीत जगवताना नाकी नऊ येतात. कोल्हापूरचा हिवाळा १४-१५ अंशांच्या फार खाली उतरत नाही, म्हणून इथे ती अडचणच नाही. वयात आला की त्याच्या डोक्यावर लोकरीची आणि तांबूस केसांची टोपी चढते. त्यानंतर खालचा गोळा वाढायचा थांबतो आणि टोपी तेवढी वर्षानुवर्षं उंच होत जाते. फुलं आणि गुलाबी फळं तिच्यातूनच डोकावतात.

आणि टाळावेत असे कोणते? बोलिव्हिया-अर्जेंटिनाच्या डोंगरांवरचे रेबुशिया आणि लोबिव्हिया. फुलांच्या छायाचित्रांवर भाळून लोक ते मागवतात. त्यांना हिवाळ्यात कडक थंडी लागते, ती मिळाली नाही तर कळ्या धरत नाहीत, आणि आपल्या एप्रिल-मेच्या रात्री त्यांना सोसत नाहीत. दक्षिण आफ्रिकेतले लिथॉप्स हे कॅक्टस नव्हेत, पण त्याच मांडणीवर विकले जातात. गारगोटीसारखी दिसणारी ही गोंडस झाडं कोल्हापूरच्या पहिल्याच पावसाळ्यात पाणी होऊन जातात. लहान मुलांच्या घरात ओपन्शिया मायक्रोडॅसिस नको. सशाच्या कानांसारखा दिसतो म्हणून त्याला बनी इअर म्हणतात आणि त्यावर काटे दिसत नाहीत. जे पिवळे मखमली ठिपके दिसतात ती शेकडो सूक्ष्म कुसळं असतात. एकदा बोटात गेली की चिकटपट्टी लावून ओढत बसावं लागतं.

गोल्डन बॅरल म्हणून विकला जाणारा सोनेरी काट्यांचा गोळा लहानपणी कुंडीत फार शोभतो, पण तो छोटा राहणाऱ्यांतला नव्हे. त्याची दुसरी बाजू अधिक बोलकी आहे. जगभरच्या नर्सऱ्यांत तो लाखोंनी आहे आणि मेक्सिकोतल्या मूळ दऱ्यांत धोक्यात आहे; १९९०च्या दशकात सिमापान धरणाच्या पाण्याखाली त्याच्या अधिवासाचा मोठा भाग गेला. २०१५ साली जगभरच्या कॅक्टसचा आढावा घेतला तेव्हा ३१ टक्के जाती धोक्यात असल्याचं आढळलं, आणि संग्राहकांसाठी होणारी उचल हे त्याचं एक मोठं कारण निघालं. २०२० मध्ये इटलीत पोलिसांनी एका घरातून हजाराहून अधिक कॅक्टस जप्त केले. चिलीच्या अटाकामा वाळवंटातून उपटून आणलेले कोपियापोआ त्यांत मोठ्या संख्येने होते. पुढच्या वर्षी आठशेहून अधिक झाडं विमानाने चिलीला परत गेली. कॅक्टसच्या जवळजवळ सगळ्या कुळाला साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराचं संरक्षण आहे. अ‍ॅस्ट्रोफायटम अ‍ॅस्टेरियास, एरिओकार्पस, डिस्कोकॅक्टस यांना सर्वांत कडक यादीत ठेवलं आहे. त्यामुळे परदेशातून कागदपत्रांशिवाय पाकिटात घालून येणारी ‘स्वस्त’ झाडं घेणं महागात पडू शकतं. बियापासून वाढवलेलं झाड ओळखणं फार अवघड नाही: ते सुबक, एकसारखं, डाग नसलेलं असतं. रानातून उपटलेल्याचं बूड खरबरीत, मुळं तोडलेली आणि अंगावर ओरखडे असतात.

देशी खरेदीला जागा बऱ्याच आहेत. कालिम्पाँगच्या नर्सऱ्या या झाडांसाठी नावाजलेल्या आहेत. नुसतं पाहायला जायचं तर हरियाणातल्या पंचकुल्याचं राष्ट्रीय कॅक्टस उद्यान १९८७ साली उभं राहिलं. मध्य प्रदेशातल्या सैलाना संस्थानाच्या राजवाड्यातला संग्रहही प्रवाशांना ठाऊक आहे.

घरी आणल्यावर पहिलं काम माती बदलण्याचं. पंचगंगेकाठची काळी माती उसाला सोनं. कॅक्टसला मात्र विष, कारण ती पाणी धरते आणि सुकली की दगड होते. नर्सरीतून येणारं नुसतं कोकोपीटही पावसाळ्यात स्पंजासारखं ओलं राहतं. चाळलेला मुरूम, जाड वाळू, विटेचे बारीक तुकडे आणि जेमतेम पाव हिस्सा मुरलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एवढं पुरे. नदीची वाळू मिळेनाशी झाल्याने क्रश सँड वापरावी लागते. तिच्यातली भुकटी दोन-तीन पाण्यांनी धुऊन काढली नाही तर ती तळाशी सिमेंटसारखी बसते. मेच्या अखेरीपासून पाणी कमी करत न्यायचं आणि पावसाळ्यात छपराखाली जवळपास बंद ठेवायचं. दमट हवाच त्यांना बरीच पुरते. ऑक्टोबर हीटमध्ये पुन्हा सुरुवात. फेब्रुवारी ते मे हे वाढीचे आणि फुलांचे दिवस, मात्र एप्रिलपासून दुपारच्या उन्हाला हिरवी जाळी हवी. पावसाळाभर सावलीत राहिलेलं झाड ऑक्टोबरच्या उन्हात एकदम ठेवलं की भाजतं आणि तो पांढरट डाग पुन्हा जात नाही. बूड मऊ लागलंच तर धारदार पात्याने खालून एकेक चकती कापत निरोगी हिरवा गर लागेपर्यंत जायचं, उरलेला भाग आठ-दहा दिवस कोरडा ठेवायचा आणि मग कोरड्या वाळूवर टेकवायचा. निम्म्या वेळा तरी डोकं वाचतं.

कोल्हापूरच्या संग्रहात एक उणीव मात्र हटकून दिसते. मेक्सिको असतं, ब्राझील असतं, सह्याद्री नसतो. मांसल खोडाच्या वनस्पती जमवणारे युरोपातले लोक ज्या एका मराठी झाडासाठी जीव टाकतात, त्याचं नाव शिंदळ माकडी. हा कॅक्टस नाही, रुईच्या कुळातलं झाड आहे. निकोल डाल्झेल या वनाधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकात जुन्नरच्या परिसरातून ते जगापुढे आणलं आणि मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या नावावरून त्याला फ्रेरिया इंडिका असं नाव दिलं. आताचं शास्त्रीय नाव बूसेरोशिया फ्रेराय. शिवनेरी, पुरंदर, सज्जनगड अशा गडांच्या कड्यांवर, खडकाच्या भेगांत ते लटकतं. याच्या नात्यातल्या जाडखोडी जातींना पानं नसतात, याला मात्र पावसाळ्यात भरघोस पानं येतात आणि कोरड्या दिवसांत ती गळून नुसता दांडा उरतो. तांबड्या-किरमिजी चांदणीसारखं फूल आणि त्यावर पिवळे ठिपके. जगातल्या अतिदुर्मिळ वनस्पतींच्या याद्यांत त्याचं नाव वर्षानुवर्षं आहे.

त्याचीच लांबची बहीण कंदीलपुष्प, म्हणजे सेरोपेजिया. या प्रजातीच्या कितीतरी जाती फक्त पश्चिम घाटात सापडतात, आणि कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्रा. श्रीरंग यादव आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी त्यांच्यावर अनेक वर्षं काम केलं: नव्या जातींची नोंद केली, दुर्मिळ जाती विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात वाढवल्या आणि रोपं पुन्हा रानात लावली. गंमत पाहा, नर्सरीत स्ट्रिंग ऑफ हार्ट्स नावाने टांगलेली जी नाजूक वेल चढ्या भावाने विकली जाते, ती याच प्रजातीतली दक्षिण आफ्रिकेची जात. फुलाची रचनाही तीच. कंदिलाच्या नळीत आतल्या बाजूला खाली वळलेले केस असतात. वासाला भुललेली चिमुकली माशी आत उतरते, पण तिला वर येता येत नाही. काही काळाने केस कोमेजतात, फूल आडवं होतं आणि माशी पराग घेऊन दुसऱ्या फुलाकडे निघून जाते.

गडावरून यांतलं काहीही उपटून आणू नये हे उघड आहे. तशी गरजही नाही. शिंदळ माकडी फाट्यावरून सहज लागते. बागेत वाढलेल्या झाडाचा बोटभर तुकडा चार-सहा दिवस सुकवून मुरमाड मातीत टेकवला की मुळं धरतो. मॅमिलेरियाचं सगळं वेळापत्रक इथे उलटं करायचं: पाणी पावसाळ्यात, विश्रांती हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत. पानं गळाली म्हणून मेलेलं समजून लोक कुंडी फेकून देतात. खोड सुरकुतलेलं पण हिरवट असेल तर वळवाच्या पहिल्या दोन सरींपर्यंत थांबायचं. फुलं ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत येतात.